विश्लेषण : ‘दोन शब्द बोला’ म्हटले की गाळण का उडते? आयत्या वेळच्या भाषणाबाबत गिरणगावच्या द्वारसभा काय शिकवतात?

सभा गृहनिर्माण संस्थेची असो की गणेशोत्सव मंडळाची, मराठी कार्यक्रमपत्रिकेवरचा शेवटचा विषय ठरलेला असतो : ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. विषय आयत्या वेळी येऊ शकतात हे पत्रिकेला ठाऊक असते. ज्याला बोलायला उभे केले जाते त्याला मात्र ते दर वेळी नव्यानेच कळते. तोंडाला कोरड पडते, पहिले वाक्य ‘मी काय बोलणार’ असे निघते आणि जे बोलायला हवे होते ते नेमके परतीच्या लोकलमध्ये जागा मिळाल्यावर सुचते.

ही फजिती हसण्यावारी नेण्यासारखी वाटते, पण लोअर परळसारख्या भागात तिची किंमत मोजावी लागते. आज या भागात आयत्या वेळी बोलण्याची पाळी येणाऱ्यांचे दोन मोठे गट दिसतात आणि त्यांच्यामध्ये अंतर असेल तर ते फार तर एका रस्त्याचे.

कोणाचे काय पणाला लागते?

पहिला गट बीडीडी चाळींतला. ना. म. जोशी मार्गावर या चाळींच्या ३२ इमारती. वरळी आणि नायगाव धरून तिन्ही ठिकाणच्या १९५ इमारतींचा पुनर्विकास म्हाडाकडे आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे घर, असा हा व्यवहार. पात्रता, संक्रमण शिबीर, भाडे, नव्या टॉवरचा देखभाल खर्च, वाहनतळ असे प्रश्न घरटी वेगळे असतात. असे प्रश्न मांडले जातात ते बैठकीत. माइक एक, अधिकारी दोन-तीन, हात वर केलेले शंभर. ज्याला दीड मिनिटात आपले म्हणणे सांगता आले, त्याचा प्रश्न टिपणवहीत जातो. ज्याला आले नाही, तो जिना उतरताना शेजाऱ्याला अख्खी हकीकत सांगत असतो आणि शेजारी मान डोलावतो. त्याच्या मान डोलावण्याने खोली पात्र ठरत नाही.

दुसरा गट गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कार्यालयांतला. कमला मिलच्या आवारात कापूस आणि सूत यांच्या जागी आता लॅपटॉप आहेत. फिनिक्स मिलचा तर मॉलच झाला. अशा कार्यालयांतल्या बैठकीत ‘तुमच्या टीमचे काय म्हणणे आहे?’ हा प्रश्न कधी आणि कोणाच्या वाट्याला येईल याचा नेम नसतो. महिनाभर काम एकाने केलेले असते, पण ते नीट सांगतो दुसरा, आणि वरिष्ठांच्या लक्षात राहतो तोही दुसराच. मराठी माध्यमातून आलेल्या, कामात तरबेज पण बोलण्यात मागे राहणाऱ्या अनेकांची ही जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही.

गिरणीच्या दारात काय होत असे?

योगायोग असा, की आयत्या वेळी बोलण्याची एक मोठी शाळा याच मातीत भरत होती. तिचे नाव द्वारसभा. कामगारांच्या तोंडी मात्र ‘गेट मीटिंग’.

गिरणी तीन पाळ्यांत चाले. एक पाळी सुटताना आणि दुसरी भरताना दारात दोन्हीकडची माणसे एकत्र येत. वक्त्याला मिळे ती तेवढीच फट. समोरचा श्रोता खुर्चीत बसलेला नसे. तो आठ तास साच्यावर उभा राहून घरी निघालेला असे, नाही तर कार्ड टाकायच्या घाईत आत शिरत असे. त्याला दोन मिनिटे थांबवायचे तर ‘व्यासपीठावरील मान्यवर’ म्हणून चालत नसे, व्यासपीठच नसे. पगारातली कपात, जॉबरची दांडगाई, काल रात्री कोणाला काढले, यातले जे असेल ते पहिल्याच वाक्यात सांगावे लागे. गर्दी सतत बदलती असल्याने मुख्य गोष्ट पुन:पुन्हा, पण शब्द बदलून सांगावी लागे. आणि शेवटी माणसाने काय करायचे, कुठे जमायचे, कधी जमायचे हे स्पष्ट असावे लागे, कारण तिथून तो थेट कामावर किंवा चाळीत जाणार असे.

या परंपरेची मुळे १९व्या शतकात सापडतात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला रेसकोर्सच्या मैदानावर त्यांनी बोलावलेल्या सभेला सुमारे १० हजार कामगार आले. या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केल्याची नोंद आहे. मागणी एकच होती, आठवड्याची एक सुट्टी. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने ती मान्य केली. आज ज्या रविवारी लोअर परळचे मॉल फुलतात, त्या रविवारच्या सुट्टीमागे अशी भाषणे आहेत. ज्या बायांना घरातही मोठ्याने बोलण्याची मुभा नव्हती, त्या काळात दोघी जणी १० हजारांपुढे उभ्या राहिल्या, ही गोष्ट व्यासपीठाची भीती वाटणाऱ्या कोणीही लक्षात ठेवावी अशी आहे.

पुढे १९२८चा सुमारे सहा महिने चाललेला संप आला आणि सभा हा रोजचाच उद्योग झाला. श्रीपाद अमृत डांगे यांच्यासारखे पुढारी होतेच, पण अर्जुन आत्माराम आळवे यांच्यासारखे स्वतः गिरणीत काम केलेले लोकही त्यात पुढे आले. आळवे गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष झाले. उषाताई डांगे यांनी स्त्री कामगारांना संघटित केले. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच ‘पण ऐकतं कोण?’ असे आहे. वक्त्याची सगळी अडचण त्या तीन शब्दांत आली. सभेत ऐकणाऱ्यांमध्ये कामगारांखेरीज आणखी एक जण असे, तो म्हणजे पोलिसांचा लघुलेखक. मार्च १९२९मध्ये मीरत कटाच्या खटल्यासाठी धरपकड झाली, तेव्हा त्याने टिपलेली भाषणे पुरावा म्हणून कोर्टात आली. आयत्या वेळी बोललेला शब्दही बोलणाऱ्याला चिकटून राहतो, हे त्या पिढीला मोबाइलशिवायच कळले होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्यांची दारे एकेक करून बंद होत गेली आणि त्यांच्यापुढची ही शाळाही.

म्हणजे ते लोक तयारी न करता बोलत?

इथेच सर्वांत मोठा गैरसमज आहे. ‘उत्स्फूर्त’ या शब्दामुळे असे वाटते, की काहींच्या जिभेवर जन्मतःच सरस्वती असते आणि बाकीच्यांच्या नसते. प्रत्यक्षात आयत्या वेळी येतो तो फक्त प्रसंग. माल आधीच भरून ठेवलेला असतो.

कीर्तनकाराचे उदाहरण घ्यावे. गावकऱ्यांनी ऐनवेळी कुठलाही अभंग सुचवला तरी तो पूर्वरंगात त्यावर निरूपण करतो आणि उत्तररंगात एखादे आख्यान लावतो. ऐकणाऱ्याला वाटते, हे आत्ताच सुचले. पण त्याच्यापाशी शेकडो ओव्या-अभंग पाठ असतात, पाच-पन्नास आख्याने तोंडात बसलेली असतात. कोणत्या अभंगाला कोणते आख्यान लागेल, एवढेच तो त्या क्षणी ठरवतो. कलगी-तुऱ्याच्या फडात सवालाला जवाब देणाऱ्या शाहिराचेही तेच.

आचार्य अत्रे यांच्या हजरजबाबीपणाचे किस्से अजून सांगितले जातात (त्यातले बरेच नंतर त्यांच्या नावावर जमा झालेले असावेत). पण हा माणूस आधी शिक्षक होता, नाटके-विडंबने लिहीत होता आणि १९५६पासून ‘मराठा’ दैनिक चालवत होता. जो रोज एका विषयावर अग्रलेख लिहितो, त्याला संध्याकाळच्या सभेत त्या विषयावर आयते शब्द सापडले तर नवल ते काय?

जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मार्टिन ल्यूथर किंग यांचे. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये ते लिहिलेले भाषण वाचत होते. जवळच असलेल्या गायिका महेलिया जॅक्सन यांनी त्यांना ‘स्वप्ना’बद्दल सांगा, अशी हाक दिली. किंग यांनी हातातला कागद बाजूला ठेवला आणि पुढचा, आज जगाला पाठ असलेला भाग कागदाशिवाय बोलले. तो भाग त्या भाषणाच्या मसुद्यात नव्हता. पण दोनच महिने आधी डेट्रॉइटमध्ये आणि त्याआधीही इतरत्र ते ‘स्वप्ना’बद्दल बोलले होते. वॉशिंग्टनमध्ये आयत्या वेळी ठरला तो तो भाग काढण्याचा क्षण.

म्हणून सामान्य माणसानेही आपली छोटी शिदोरी बांधून ठेवावी. स्वतःच्या कामातले तीन प्रसंग, चाळीतला एखादा, एखादी चूक आणि ती कशी निस्तरली त्याची गोष्ट, आपल्या कामाशी निगडित चार आकडे. एवढ्या भांडवलावर बहुतेक ‘दोन शब्द’ भागतात. निरोप समारंभ, शोकसभा, हळदीकुंकू आणि कार्यालयातला आढावा, सगळीकडे श्रोत्याला वक्त्याकडून सुविचार नको असतो. त्याने स्वतः पाहिलेले काहीतरी हवे असते.

अंगाला कंप का सुटतो?

अनेक डोळे आपल्याकडे वळले की शरीर त्याला धोका समजते. ॲड्रेनलिन वाढते, छाती धडधडते, श्वास वरच्यावर होतो, तोंड सुकते. हे अनुभवी वक्त्यांनाही होते. फरक पडतो तो त्या धडधडीला काय नाव द्यायचे यात. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणापूर्वी स्वतःला ‘शांत हो’ असे बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आला आहे’ असे म्हणणाऱ्यांची भाषणे श्रोत्यांना अधिक पटणारी वाटली. धावते हृदय एकाएकी शांत होत नाही, पण भीतीचे रूपांतर उत्साहात करणे त्या मानाने सोपे असते, असे त्यामागचे स्पष्टीकरण आहे. ढोलाच्या पहिल्या ठोक्याला गोविंदा पथकातल्या पोराची छाती अशीच धडधडते. त्याला कोणी भीती म्हणत नाही.

दुसरी गोष्ट अधिक दिलासा देणारी. आपली घाबरगुंडी सगळ्यांना दिसते आहे, असे बोलणाऱ्याला वाटते. तेवढी ती दिसत नाही. केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३मध्ये हे दाखवले. त्यांच्या प्रयोगात ज्यांना ही गोष्ट आधीच समजावून सांगितली, त्यांची भाषणे इतरांपेक्षा चांगली झाली. म्हणजे हा परिच्छेद वाचल्यानेही थोडा फरक पडायला हरकत नाही.

नाव पुकारल्यावर लगेच काय करावे?

जागेवरून उठणे, माइकपर्यंत जाणे, माइक हातात घेणे यात १०-१५ सेकंद जातात. बहुतेक जण ती ‘अरे देवा’ म्हणण्यात घालवतात. त्या वेळात फक्त दोन गोष्टी ठरवाव्यात : आपले म्हणणे कोणते आणि शेवटचे वाक्य कोणते. मधले आपोआप सापडते. शेवट ठाऊक नसलेला वक्ता मात्र करी रोड उतरायचे विसरलेल्या प्रवाशासारखा पुढे पुढे जात राहतो.

द्वारसभेचा सांगाडा आजही कामाला येतो. म्हणणे, त्याचे कारण, एक दाखला आणि मागणी. समजा, पुनर्विकासाच्या बैठकीत एक रहिवासी उठतो आणि म्हणतो, ‘सर्वप्रथम सगळ्यांना नमस्कार. मी काही फार शिकलेला नाही, चुकले तर माफ करा. आमचे वडील या चाळीत आले तेव्हा...’ वडील गावाहून गिरणीपर्यंत पोहोचायच्या आत माइक पुढे गेलेला असतो. तेच दुसरा म्हणतो, ‘साहेब, माझा प्रश्न देखभाल खर्चाचा आहे. आमच्या घरात एकट्या वडिलांची पेन्शन येते. टॉवरमध्ये लिफ्ट आली, पंप आला, वॉचमन आला. महिन्याला किती भरावे लागेल आणि सुरुवातीची किती वर्षे ते कोण भरणार, याचे उत्तर आम्हाला लेखी हवे.’ हे बोलायला २० सेकंद लागतात. वडील यातही आहेत, पण दाखला म्हणून आणि एका वाक्यापुरते. पहिल्या वक्त्याची कळकळ कमी होती असे नाही. तिला बाहेर यायला दार सापडले नाही.

कार्यालयातही हाच क्रम चालतो. फक्त मागणीच्या जागी ‘पुढच्या आठवड्यापर्यंत अमुक हवे’ असे येते. प्रसंग घरगुती असेल तर काल, आज, उद्या ही तीन पावले पुरतात : हा माणूस आला तेव्हा कसा होता, आज काय झाला, पुढे काय करो.

‘मला बोलता येत नाही’ ही सुरुवातीची माफी तेवढी टाळावी. तिने सहानुभूती मिळत नाही, वेळ मात्र जातो. आणि विचारलेली गोष्ट ठाऊक नसेल तर ठोकून देऊ नये. ‘नक्की आकडा संध्याकाळपर्यंत कळवतो’ हे पूर्ण उत्तर आहे. पूर्वी लघुलेखक एक होता. आता समोरच्या प्रत्येक हातात आहे.

आणि इंग्रजीचे काय?

कार्यालयातली बरीचशी भीती बोलण्याची नसतेच, इंग्रजीची असते. क्रियापद चुकेल या धास्तीने मुद्दाच गिळला जातो. अशा वेळी लांब वाक्ये सोडून द्यावीत. मनात मराठीत ठरवलेले एक म्हणणे, त्यामागचा एक आकडा आणि एक नाव, हे तीन तुकडे छोट्या वाक्यांत सांगितले तर व्याकरणाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. बैठकीतले निम्मे लोक हिंदी-मराठी समजणारे असतील, तर पहिले वाक्य त्या भाषेत टाकूनही गाडी रुळावर येते. नेमके न बोलता अस्खलित बोलणारे प्रत्येक कार्यालयात भरपूर असतात, ही गोष्टही धीर देणारी आहे.

‘अं’, ‘म्हणजे’, ‘बेसिकली’ यांचा अति बाऊ करू नये. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या संशोधकांनी २००२मध्ये मांडले, की ‘अं’सारखे उद्गार ‘थांबा, सांगतो आहे’ अशी खूण श्रोत्याला देतात. अधूनमधून आले तर बिघडत नाही. दर वाक्याला येऊ लागले, तर त्या जागी गप्प राहावे. बोलणाऱ्याला ती शांतता फार लांब वाटते. ऐकणाऱ्याला ती विचार वाटते.

सराव कुठे करायचा?

या कलेचा रीतसर सराव घेणारी जगातली सर्वांत प्रसिद्ध संस्था टोस्टमास्टर्स. राल्फ स्मेडली यांनी १९२४मध्ये कॅलिफोर्नियातील सांता ॲना इथे तिचा पहिला क्लब सुरू केला; मुंबईतही तिचे क्लब आहेत. तिच्या बैठकीत ‘टेबल टॉपिक्स’ नावाचा भाग असतो. विषय तिथेच कळतो आणि त्यावर एक ते दोन मिनिटे बोलायचे असते. कोणी किती वेळा ‘अं’ म्हटले, ते मोजणाराही एक जण असतो.

क्लबला जायला वेळ वा पैसा नसेल तर स्टेशनपासून कार्यालयापर्यंतची पायपीट पुरते. लोअर परळला उतरल्यावर दिसणारी पहिली पाटी घ्यावी, औषधाच्या दुकानाची, वडापावच्या गाडीची, बांधकामाच्या पत्र्यावरची. तिच्यावर एक मिनिट, कानाला फोन लावून बोलावे. इथे फोनवर बोलत चालणाऱ्याकडे कोणी वळून बघत नाही. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवता येतो. तिथे ते व्हॉइस नोट म्हणून ठेवावे आणि घरी जाताना एकदा ऐकावे. पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज ऐकवत नाही. १५ दिवसांनी, कोणते शब्द आपण उगाच वापरतो याची यादी आपोआप तयार होते.

घरातही सोय आहे. जेवताना मुलांना ‘शाळेत काय झाले?’ विचारून ‘काही नाही’ हे उत्तर ऐकण्यापेक्षा, चिठ्ठी काढून एकेकाने एक मिनिट बोलायचे, आईवडिलांनीही. पाठ केलेल्या वक्तृत्व स्पर्धेतल्या भाषणापेक्षा याचा उपयोग जास्त. त्या भाषणात मधले एक वाक्य विसरले की मूल रडवेले होते. चिठ्ठीच्या खेळात विसरायला काही नसतेच.

थांबायचे कधी?

टेबल टॉपिक्समध्ये एक मिनिटाला हिरवा, दीड मिनिटाला पिवळा आणि दोन मिनिटांना लाल दिवा लागतो. स्पर्धा असेल तर अडीच मिनिटांपुढे बोलणारा बाद होतो, भाषण कितीही रंगलेले असो. गिरणीच्या दारात लाल दिव्याचे काम भोंगा करीत असे. तो वाजला की आत जाणारे आत जात, घरी जाणारे चाळीची वाट धरत. तोवर ज्याची मागणी सांगून झाली नसेल, त्याच्यापुढे उरे ते गिरणीचे दार आणि दारावरचा भय्या.